पावतीवरची रिकामी ओळ

मायामीच्या धक्क्यावरून जहाज अजून हललेलं नाही. दोर बांधलेलेच आहेत. तरीही वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारच्या बारपुढे चाळीसएक माणसं उभी आहेत. खोल्या उघडायला अवकाश आहे. बॅगा खाली कुठेतरी आहेत. खांद्याला पिशव्या, डोक्यावर नव्याकोऱ्या टोप्या, गळ्यातल्या दोरीत जहाजाचं कार्ड. दुपारचा एक वाजलाय. डेक इतका तापलाय की चपलेतूनही चटका बसतो.

रांग हलते, थांबते, पुन्हा हलते. सगळ्यात पुढचा माणूस काउंटरवर कोपर टेकवून सावकाश मेनू वाचतो. त्याच्या मागची बाई कडेवरच्या मुलाला घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होते. कुणी घड्याळ पाहत नाही. सुट्टी सुरू झालीय.

काउंटरच्या पलीकडे चिंचोळी पट्टी आहे. तिथे तिघं जण काम करतायत आणि एकमेकांना धक्का लागू देत नाहीत. एक जण ब्लेंडर चालवतो. दुसरा बियरच्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या बादलीत खोचतो, एका बादलीत पाच. तिसरी मुलगी कार्ड घेते, यंत्राला टेकवते, पावती फाडते, पेन पुढे करते. तलावाजवळ काच चालत नाही, म्हणून सगळं प्लॅस्टिकच्या पेल्यांत. अननसाची फोड, लाल चेरी, कागदी छत्री. ब्लेंडर थांबला की गाणी ऐकू येतात. गाणी थांबली की बर्फ ऐकू येतो.

बर्फ आणणारा चौथा. तो मागच्या दारातून येतो. दोन्ही हातांत दोन बादल्या, कमरेला पाठीसाठी घालतात तो रुंद काळा पट्टा. काउंटरखालच्या खणात बर्फ ओततो, वाकूनच फळीवरचे उष्टे पेले क्रेटमध्ये भरतो, क्रेट उचलतो, दाराला खांदा लावतो आणि दिसेनासा होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याच्या बिल्ल्यावर पद आहे बार युटिलिटी. रांगेतल्या कुणाचीही नजर त्याच्याकडे जात नाही. जायचं कारणही नाही, कारण त्याचं काम प्रवाशाशी बोलायचं नाहीच.

बिल्ला सगळ्यांच्या छातीवर आहे. वर नाव, खाली देश. इंडोनेशिया. फिलिपिन्स. जमैका. पेरू. सर्बिया. आणि इंडिया.

माझी पावती येते. तीन बोटं रुंद कागद. मोहितोचे १४ डॉलर. त्याखाली १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे २ डॉलर ५२ सेंट. बेरीज १६ डॉलर ५२ सेंट. मग आणखी एक ओळ, रिकामी: जादा ग्रॅच्युइटी. तिच्याखाली पुन्हा एकूण, आणि सहीची जागा.

या रिकाम्या ओळीवरच रांग अडते. कुणी तिच्यावर आडवी रेघ मारून सही ठोकतो. कुणी २ लिहितो. कुणी वरचे अठरा टक्के न पाहता पुन्हा वीस टक्क्यांचा हिशेब करायला लागतो, ओठ हलतात, पेन हवेत थांबतं. माझ्या शेजारचा गृहस्थ थेट विचारतो, ‘टिप धरलीय का यात?’ काउंटरवरची मुलगी हसून सांगते, ‘होय सर, धरलीय.’ गृहस्थ रेघ मारतो. ती पावती गठ्ठ्यात ठेवते आणि पुढचं कार्ड घेते. खरं उत्तर दिलं की ओळ रिकामी राहणार, हे तिला ठाऊक आहे. तरी ती प्रत्येकाला खरंच सांगते. दुपारभर सांगते.

पुष्कळ जणांनी पेयांचं पॅकेज घेतलंय. माणशी दिवसाला साधारण ६० ते १०० डॉलर, कंपनीनुसार आणि मोसमानुसार. त्यावरचे १८ ते २० टक्के पॅकेज घेतानाच कापलेले असतात. त्यामुळे त्यांच्या पावतीवर पेयाची किंमत शून्य दिसते आणि ग्रॅच्युइटीही शून्य. काही जण ते पाहून चपापतात. बिचारीला काहीच मिळालं नाही असं वाटून खिशात हात घालतात. काही जणांना शून्य पाहून बरं वाटतं.

सावलीतल्या खुर्च्यांवर एक मराठी कुटुंब बसलंय. मुलगा-सून न्यू जर्सीचे, आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेले. आजोबांच्या हातात बिनदारूचा पिना कोलाडा आहे. त्यांनी चष्मा वर करून पावती डोळ्यांजवळ धरलीय.

‘अरे, हे अठरा टक्के कसले?’

‘टिप आहे बाबा ती.’

‘आपण तर दारूही घेतली नाही.’

‘बारमधून आलं की लागते. सरबत असो नाहीतर काही.’

आजोबा पावतीची घडी घालतात. ‘पगार देत नाहीत का रे यांना?’

मुलगा लगेच उत्तर देत नाही. स्ट्रॉने पेल्यातला बर्फ ढवळतो.

साडेतीनला बार बंद होतो. शटर अर्धं खाली येतं. आता सुरक्षेची कवायत. भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब. प्रवासी जिन्यांवरून आपापल्या ठिकाणी जातात. कुणी कुरकुरतं, कुणी फोनवर बोलत उभं राहतं. माझ्या ठिकाणी नारिंगी जाकीट घालून उभी आहे तीच काउंटरवरची मुलगी. आता तिच्या हातात पेन नाही. ती प्रत्येकाचं कार्ड तपासते, जाकिटाचा पट्टा कसा आवळायचा ते करून दाखवते, एका म्हाताऱ्या बाईचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवते. तिचा आवाजही बदललाय. बोटीवर चढण्याआधी या सगळ्यांना आग विझवणं, पाण्यात तगून राहणं आणि प्रथमोपचार यांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय नोकरी नाही. आग लागलीच, तर मोहितो देणारे हेच हात आपल्याला नावेत उतरवणार. कवायत संपते. दहा मिनिटांत शटर वर जातं आणि ती पुन्हा काउंटरमागे दिसते.

समुद्राचा दिवस. चहूकडे नुसतं निळं. सकाळी नऊलाच तलावाभोवतालच्या खुर्च्यांवर टॉवेल पसरून जागा धरल्यात. आता बार माणसांकडे येतो. वेटर तळव्यावर ट्रे तोलत खुर्च्यांच्या ओळींमधून फिरतायत. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बंद बूट. ऊन डोक्यावर आहे आणि त्यांच्या डोक्यावर टोपी नाही. जहाज किंचित कलतं, सगळे पेले एकदम एका बाजूला झुकतात, ट्रे मात्र सपाट राहतो.

त्यातला एक माझ्या खुर्चीपाशी थांबतो. मी फोनवर मराठीत बोलत होते, ते त्याने जाताजाता ऐकलंय. आधी इंग्रजीत विचारतो, काही आणू का. मग इकडेतिकडे पाहतो आणि आवाज उतरवून म्हणतो, ‘खंयचे तुमी, ताई?’

तो सावंतवाडीकडचा. हॉटेल मॅनेजमेंट केलं, कळंगुटच्या बाजूला दोन-तीन हॉटेलांत काम केलं, मग मुंबईत एजंट, मेडिकल, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, अमेरिकेचा व्हिसा. पहिलं काँट्रॅक्ट बर्फ वाहण्यात गेलं. आता वेटर. हे सगळं तो उभ्याउभ्या, ट्रे न हलवता, एका दमात सांगतो. पलीकडून कुणीतरी हात वर करतं. ‘येतो हं ताई,’ म्हणतो आणि ‘येस मॅम’ म्हणत तिकडे वळतो.

दुपारी त्याच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजलीय. संध्याकाळी तोच मला खालच्या मोठ्या दिवाणखान्यात दिसतो. कोरडा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बो. मधल्या वेळात किती झोपला असेल ते विचारायची सोय नाही. पाहुण्यांसमोर घाईत बोलायलाही त्याला वेळ नाही.

हा बार निराळा. पितळी कठडा, मंद दिवे, कोपऱ्यात पियानो. इथे काचेचे पेले आहेत आणि माणसं हळू बोलतात. काउंटरमागचा बारटेंडर पन्नाशीचा, गोव्याचा, साष्टीतला. मिशी काळजीपूर्वक कापलेली. तो बाटलीकडे न पाहता बाटली उचलतो. एका हाताने ओततो, दुसऱ्या हाताने काउंटर पुसतो, आणि डोळे समोरच्याकडे. परवा रात्री कुणी काय मागितलं होतं ते त्याला आठवतं. वृद्ध जोडपं येऊन बसतं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच एक जिन-टॉनिक आणि एक साधा सोडा समोर येतो. आजी खुलतात. आजोबा पाकिटातून एक नोट काढतात, दुमडतात आणि पेल्याखाली सरकवतात.

ती दोन डॉलरची नोट आहे. अमेरिकेत ती चलनात आहे, पण हातात फारशी येत नाही. कित्येक जण तिला शुभ मानतात. नेहमी क्रूझ करणारे काही प्रवासी निघण्याआधी बँकेतून या नोटांची कोरी गड्डी मागून आणतात, खास जहाजावर वाटायला. बारटेंडर मान लववतो. नोट काउंटरवरच्या बरणीत न टाकता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. खिशाच्या कडेतून तिचा हिरवा कोपरा दिसत राहतो.

गिऱ्हाईक पातळ होतं तेव्हा तो थोडं बोलतो. त्याचे वडीलही बोटीवरच होते, मालवाहू बोटीवर. जहाज मिळेपर्यंत मुंबईला धोबीतलावच्या कुडात राहायचे. एका गावाच्या माणसांसाठी गावानेच चालवलेली ती जागा. भिंतीला ट्रंकांची रांग, संध्याकाळी प्रार्थना, आणि बोट कधी लागेल याची वाट. गोव्यातली कित्येक घरं, कित्येक शिक्षणं, कित्येक लग्नं या वाट पाहण्यातून उभी राहिली. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातलीही. तो स्वतःबद्दल कमी सांगतो. मुलगी मडगावला शिकतेय एवढंच. टिपेबद्दल एक अक्षर काढत नाही. प्रवाशापुढे तो विषय काढायचाच नाही, हा शिरस्ता इथे सगळे पाळतात.

मध्यरात्रीनंतर जाग उरते ती कॅसिनोच्या बारमध्ये. धूर, यंत्रांचे घुंगरू, थंडगार हवा. कुणी जिंकलं की बारटेंडरपुढे पाच डॉलरची चिप पडते. कुणी हरलं की पेला जोरात आपटला जातो. दोन्ही वेळा बारटेंडरचा चेहरा तोच. एक तरुण चौथा पेला मागतो आणि जीभ अडखळते. बारटेंडर पाण्याचा ग्लास पुढे करतो, काहीतरी हळू बोलतो. पेला नाकारायचा आणि माणूसही दुखवायचा नाही. तरुण पाणी पितो, हात झटकतो, पावतीवर रेघ मारून निघून जातो. या कामाची टिप कोण देणार?

कॅसिनोच्या मागे एक दार आहे. ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी.’ बर्फाची गाडी आत नेताना ते क्षणभर उघडं राहतं. इकडे गालिचा आणि झुंबर, तिकडे पांढरा रंग दिलेलं लोखंड, ट्यूबलाइट, डोक्यावरून गेलेले पाइप. तिथून जिने खाली जातात, जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या एका लांब बोळात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या महामार्गावरून कर्मचारी त्या बोळाला ‘आय नाइंटीफाइव्ह’ म्हणतात. त्याच्या आजूबाजूला त्यांचं जेवणघर, धुलाई, कोठारं, आणि दोघांत एक अशा खोल्या. वर-खाली पलंग, खिडकी नाही. दार लागतं.

कोझुमेल. मेक्सिकोचं बेट. धक्क्यावर एकाशेजारी एक तीन जहाजं. प्रवाशांचा लोंढा दुकानांकडे वळतो: चांदी, व्हॅनिला, टोप्या, टकिला. गर्दीतून काही माणसं उलट्या बाजूने, भराभर, कुठेही न रेंगाळता चालतायत. साध्या टी-शर्टात, पाठीला सॅक. ओळख पटायला वेळ लागतो, कारण बिल्ला नाही. हे कर्मचारी. त्यांना दोन-अडीच तास मोकळे मिळालेत. बंदराबाहेरच्या एका खानावळीत फुकट वायफाय आहे. तिच्या भिंतीला लागून ती सगळी ओळीने बसतात. जहाजावर इंटरनेट विकत घ्यावं लागतं, इथे एका सरबतात काम भागतं. कुणाच्या फोनवर मूल रांगतंय. कुणी मोठ्याने हसतंय. कुणी फोन नुसता कानाला लावून ऐकतंय.

सावंतवाडीचा मुलगा तिथेच आहे. मला पाहून उठायला लागतो, मी हातानेच बसायला सांगते. आज तो टिपेबद्दल बोलतो. आज कामावर नाही म्हणून, आणि मी विचारते म्हणून.

मूळ पगार थोडा, बाकी पावतीवरच्या टक्क्यांवर, असा हिशेब आहे. ते अठरा टक्के एकट्या वेटरचे नाहीत. बारटेंडर, वेटर, बर्फ आणणारा, असे वाटे पडतात. समुद्राच्या दिवशी जास्त, बंदराच्या दिवशी कमी, कारण माणसं खाली उतरतात. पाऊस पडला की तलावाचा बार गेला. लहान मुलांच्या सुट्टीत जहाज भरलेलं असतं, पण बार कमी चालतो. ‘हवा बघून समजता किती सुटतले ते,’ तो म्हणतो. हाताला जी रोख मिळते ती वेगळी, आणि तिचं मोल वेगळं. ‘ती आपली दिसता.’ घरी चिऱ्याचं घर आहे, त्यावर स्लॅब टाकायचा आहे. काँट्रॅक्ट आठ महिन्यांचं. रोज दहा-अकरा तास. साप्ताहिक सुट्टी हा प्रकार नाही. आठ महिन्यांतला प्रत्येक दिवस कामाचा.

२००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. तो २०१३ पासून लागू झाला. विश्रांतीची मर्यादा त्यात लिहिलेली आहे: २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात किमान ७७ तास. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी केली तर ९१ उरतात. कामाच्या तासांनी मर्यादा घालायची झाली तर आठवड्याला ७२, असाही पर्याय करारात आहे. हे आकडे थोडे नाहीत. तरीही हा करार येण्याआधी याहून वाईट होतं, हे जुने बोटवाले सांगतात.

साडेतीनला सगळे उठतात. धक्क्यावरून परत चालताना जहाजाची मागची बाजू समोर येते. सहा मजली पांढरी भिंत. तिच्यावर जहाजाचं नाव, आणि नावाखाली लहान अक्षरांत ‘नसाऊ’. जहाज मायामीहून निघतं, प्रवासी बहुतेक अमेरिकी, पैसा डॉलरमध्ये. नोंदणी मात्र बहामाची. शेजारच्या जहाजावर ‘पनामा’ लिहिलंय. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून निघून नुसतं तिथेच परतता येत नाही. वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून हे कोझुमेल. आणि परदेशी झेंडा असल्यामुळेच अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा या डेकवर चढत नाही. त्या कायद्यात टिप मिळवणाऱ्यांसाठी ताशी २ डॉलर १३ सेंट एवढा तुटपुंजा दर १९९१ पासून गोठलेला आहे. जमिनीवर निदान टिप धरून ताशी ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असतो. समुद्रावर तेवढाही आधार त्या कायद्याचा नाही. न्यू जर्सीच्या कुटुंबातल्या आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जहाजाच्या पाठीवर लिहिलेलं आहे.

माझ्या मते हे बरोबर नाही. पेयाची किंमत १६ डॉलर ५२ सेंट लावा आणि पगार पूर्ण द्या. हे करता येतं. ब्रिटनमधल्या काही कंपन्यांनी वेगळी टिप बंद करून भाड्यातच सगळं धरलंय आणि त्यांची जहाजं चालतायत. पण हे ठरवणारा माणूस बारपुढच्या रांगेत नाही. रांगेत आपण आहोत.

शेवटची रात्र. बॅगा खोल्यांबाहेर ठेवल्यात, त्यांना रंगीत पट्ट्या बांधल्यात. आता रांग बारपुढे नाही, पाचव्या मजल्यावरच्या चौकशी खिडकीपुढे आहे. तीसेक माणसं. प्रत्येकाच्या हातात हिशेबाचा कागद. रोजची टिप वेगळी लागते, पेयांवरच्या टक्क्यांहून निराळी: माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. ती खोली आवरणाऱ्यांना, जेवणघरातल्या वाढप्यांना, पडद्यामागच्या लोकांना जाते. बारचा वाटा बहुतेक अमेरिकी जहाजांवर त्यात नसतो. १८ डॉलर धरले तर चौघांच्या कुटुंबाचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. रुपयांत चाळीस हजारांच्या पुढे. आकडा मोठा आहे. तो शेवटच्या रात्री एकदम डोळ्यांपुढे आला की मोठाच वाटणार.

एक उंच माणूस खिडकीशी पोचतो. ‘ही टिप काढून टाका. मी ज्यांना द्यायची त्यांना हातात देईन.’ खिडकीतली मुलगी वाद घालत नाही. एक अर्ज पुढे करते, तो सही करतो, ती दोन बटणं दाबते. झालं. मागच्या दोघांनी ते पाहिलंय. तेही आता आपापला कागद पुन्हा वाचायला लागतात.

त्या माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. स्वयंचलित टिप काढून टाकणाऱ्या प्रवाशाकडून रोख मिळाली, तर ती सामाईक डब्यात जमा करायची, असा काही कंपन्यांत नियम आहे. म्हणजे त्याने उद्या सकाळी प्रेमाने हातात दिलेली वीसची नोट त्या हातात राहीलच असं नाही. आणि धुलाईत, भांडी घासण्यात, खालच्या बोळात जे आहेत त्यांच्यापर्यंत त्याचा हात पोचणार नाही, कारण ते त्याला दिसणारच नाहीत.

रांगेत थोडं पुढे न्यू जर्सीच्या कुटुंबातले आजोबा उभे आहेत. ते काही कमी करायला आलेले नाहीत. त्यांना शंभराची नोट मोडून हवीय. ‘एक-एक डॉलरच्या द्या,’ ते सांगतात. मुलगी खण उघडून पाहते, मान हलवते. शेवटच्या रात्री एकच्या नोटा संपलेल्या असतात. पाचच्या मिळतात. आजोबा त्या मोजतात, जिना चढतात, तलावाच्या बारपाशी जातात. शटर खाली येतंय. ते काउंटरवरच्या मुलीला एक नोट देतात, ब्लेंडरवाल्याला एक देतात, आणि मग तिथेच उभे राहतात. मुलगी विचारते, ‘आणखी काही हवंय, सर?’

‘तो बर्फवाला मुलगा कुठाय?’

ती मागचं दार उघडून हाक मारते. तो येतो. हात ओले आहेत, म्हणून आधी पँटला पुसतो. आजोबा नोट देतात. मुलगा त्यांच्याकडे पाहतो, मग मुलीकडे पाहतो, घ्यायची ना या अर्थाने. ती मान डोलावते.

सकाळी सातला जहाज मायामीला लागलेलं असतं. नऊपर्यंत प्रवासी उतरतात. दुपारी बाराला पुढचे चढतात. मधले तीन तास बार पुसला जातो, बाटल्या मोजल्या जातात, खणात नवा बर्फ ओतला जातो.

क्रूझला जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. रोजची टिप भाड्याचाच भाग समजून घरीच हिशेबात धरा आणि शेवटच्या रात्री ती काढायला जाऊ नका. सहल कंपनीने ‘टिपसह’ असं छापलं असेल तर त्यात बारचे टक्के आहेत का ते निघण्याआधी विचारा, बहुधा नसतात. एक डॉलरच्या नोटा घरूनच न्या. पावतीवर टिप धरलेली असेल तर वर काही दिलंच पाहिजे असं नाही, पण ज्याने तुमची आठवण ठेवली त्याला द्या, आणि पहिल्या दोन दिवसांत द्या. बर्फ आणणाऱ्याला विसरू नका. घरी परतल्यावर कंपनीकडून अभिप्रायाचा ई-मेल येतो. तो पुसून टाकू नका. त्यात ज्याचं नाव येतं, त्याच्या पुढच्या काँट्रॅक्टला आणि बढतीला त्या नावाचा उपयोग होतो. नाव, देश आणि बार कुठला, इतकं लिहा. बिल्ल्यावरचं स्पेलिंग जहाजावरच टिपून घ्या.